अँटिबायोटिक सुरू सगळेच करतात, बंद कोण करतं?

सोमवारी रात्री अकराला साठीच्या एका बाईंना मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत आणलं जातं. हुडहुडी भरून ताप, लघवीला जळजळ, वरचं बीपी ९० च्या खाली. ऑन-कॉल रेसिडेंट सलाईन लावतो, रक्त-लघवी कल्चरला (जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला) पाठवतो आणि केसपेपरवर लिहितो : मेरोपेनेम १ ग्रॅम, दर ८ तासांनी. मेरोपेनेम म्हणजे खूप प्रकारच्या जंतूंना मारणारं अँटिबायोटिक. त्या रात्री हा निर्णय योग्यच आहे. संसर्गामुळे बीपी कोसळत असेल तर पहिला डोस तासाभरात गेला पाहिजे, आणि जंतू कोणता हे तेव्हा कुणालाच ठाऊक नसतं.

मंगळवारी राऊंडला युनिटचे सर येतात. ताप उतरणीला लागलेला. 'बरं चाललंय, चालू ठेवा.' बुधवारी त्या रेसिडेंटची ड्यूटी बदलते. नवा रेसिडेंट आदल्या दिवशीची औषधं नव्या पानावर उतरवतो आणि खाली लिहितो 'सीएसटी', म्हणजे तेच उपचार चालू. गुरुवारी दुपारी कल्चरचा रिपोर्ट तयार होतो. जंतू ई. कोलाय, साध्या सेफ्ट्रियाक्झोनलाही दबणारा. तो रिपोर्ट लॅबच्या कॉम्प्युटरवर किंवा वॉर्डातल्या ट्रेमध्ये पडून राहतो. दहा दिवसांनी बाई बऱ्या होऊन घरी जातात तेव्हा त्यांच्या शिरेतून मेरोपेनेमचे ३० डोस गेलेले असतात. रिपोर्ट आल्यावर औषध बदललं असतं तर मेरोपेनेमच्या साधारण ९ डोसांत काम झालं असतं, उरलेले दिवस सेफ्ट्रियाक्झोनवर निघाले असते आणि एकूण ७ दिवसांत उपचार संपले असते.

यात ढळढळीत चूक कुणाची दाखवता येत नाही. औषध सुरू करण्याची जबाबदारी ऑन-कॉल डॉक्टरची होती आणि ती त्याने पार पाडली. ते थांबवण्याची, बदलण्याची किंवा खालच्या पायरीवर आणण्याची जबाबदारी मात्र कुणाच्याच नावावर नव्हती. मोठ्या रुग्णालयांत 'अँटिमायक्रोबियल स्टुअर्डशिप' नावाची जी व्यवस्था उभी केली जाते, तिचं निम्म्याहून जास्त काम एवढंच आहे : या दुसऱ्या निर्णयाला मालक मिळवून द्यायचा. 'अँटिबायोटिक कमी द्या' असं सांगत फिरणं हे तिचं काम नाही. त्या बाईंना पहिल्या रात्री मेरोपेनेम नाकारणारी व्यवस्था माणसं मारेल.

बीपीची गोळी एकाने जास्त खाल्ली तर शेजारच्या खाटेवरच्या माणसाची गोळी निकामी होत नाही. अँटिबायोटिकचं तसं होतं. दहा दिवसांच्या मेरोपेनेमने बाईंच्या आतड्यातले बहुतेक साधे जंतू मरतात आणि त्या औषधाला दाद न देणाऱ्यांना मोकळं रान मिळतं. ते विष्ठेतून, बेडपॅनवरून, कॅथेटरवरून, न धुतलेल्या हातांवरून पुढच्या खाटेवर जातात. दोन खाटांमध्ये तिसरी गादी जमिनीवर टाकावी लागणाऱ्या शहरी वॉर्डात हा प्रवास फार लांबचा नसतो.

भारतात हे किती पुढे गेलंय ते आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देखरेख जाळ्याच्या आकड्यांवरून दिसतं. हे जाळं २०१३ पासून मोठ्या रुग्णालयांतून आलेले जंतू तपासतं. ई. कोलायचे १०० नमुने घेतले तर इमिपेनेमला (मेरोपेनेमच्याच घराण्यातलं औषध) दबणारे २०१७ मध्ये सुमारे ८१ होते. २०२३ मध्ये ते ६३ च्या आसपास आले. क्लेब्सिएला या दुसऱ्या जंतूचं आणखी वाईट : ५८ वरून ३६ च्या आसपास. हे नमुने मोठ्या रुग्णालयांतल्या गंभीर रुग्णांचे असतात, त्यामुळे गल्लीतल्या दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला हा आकडा लावायचा नाही. पण अतिदक्षता विभागात रात्री दोनला औषध निवडणाऱ्या डॉक्टरला हेच आकडे समोर दिसत असतात, आणि म्हणूनच तो एकदम वरच्या औषधावर उडी मारतो. ती उडी पुढच्या वर्षीचा आकडा आणखी खाली ढकलते.

एनसीडीसीने (केंद्राच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने) २०२१-२२ मध्ये २० मोठ्या रुग्णालयांत एका ठरावीक दिवशी कोणाला काय चालू आहे याची मोजदाद केली. ९,६५२ रुग्णांपैकी जवळजवळ ७२% रुग्णांना अँटिबायोटिक चालू होतं. त्यातली निम्म्याहून जास्त, ५५%, संसर्ग झालेला नसताना होऊ नये म्हणून दिलेली होती. आणि जंतू नक्की कळल्यावर त्यानुसार दिलेली जेमतेम ६%.

यातला ५५ चा आकडा बराचसा ऑपरेशन थिएटरचा प्रश्न आहे आणि ६ चा आकडा प्रयोगशाळेचा. दोन्हींकडे येऊ. त्याआधी औषधांची उतरंड.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये अँटिबायोटिकचे तीन गट केले : ॲक्सेस, वॉच आणि रिझर्व्ह. ॲक्सेसमध्ये ॲमॉक्सिसिलिन, सेफॅझोलिन, डॉक्सिसायक्लिन, जेंटामायसिन, ॲमिकासिन, नायट्रोफ्युरँटॉइन वगैरे. वॉचमध्ये सेफ्ट्रियाक्झोन, पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम, मेरोपेनेम, व्हँकोमायसिन. रिझर्व्हमध्ये कोलिस्टिन, लिनेझोलिड, टिगेसायक्लिन, सेफ्टाझिडीम-ॲव्हिबॅक्टम. लोकांना धक्का बसतो तो वॉचमधली दोन नावं ऐकून : ॲझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम. घशात खवखवलं की शेजारी सुचवतात ती गोळी मेरोपेनेमच्याच गटात बसलेली आहे. वॉर्डात ज्याला 'हायर अँटिबायोटिक' म्हणतात ती कल्पनाही थोडी फसवी आहे. मेरोपेनेम जास्त प्रकारच्या जंतूंना मारतं, जास्त जोरात मारतं असं नाही. साध्या स्टॅफिलोकॉकस जंतूला सेफॅझोलिन हे व्हँकोमायसिनपेक्षा चांगलं औषध आहे. नातेवाईक 'भारीतलं इंजेक्शन द्या' म्हणतात तेव्हा ते नकळत रुग्णासाठी कमी चांगलं औषध मागत असतात, असंही होऊ शकतं.

बाटलीत किती रक्त गेलं?

स्टुअर्डशिपची बैठक कॉन्फरन्स हॉलमध्ये होते, पण ती यशस्वी होते की नाही हे ठरतं रात्री रक्त काढणाऱ्याच्या हातात. ब्लड कल्चर ही रुग्णालयातली सर्वांत मोलाची आणि सर्वांत निष्काळजीपणे केली जाणारी तपासणी आहे, असं म्हटलं तर लॅबवाले मान डोलावतील.

मोठ्या माणसाच्या रक्तात संसर्गाच्या वेळीही एका मिलिलिटरमध्ये कित्येकदा एखादाच जंतू असतो, कधी तोही नसतो. म्हणून प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली रक्त लागतं. एका ठिकाणाहून काढलेल्या दोन बाटल्या म्हणजे एक सेट, आणि असे किमान दोन सेट, दोन वेगवेगळ्या शिरांमधून. म्हणजे साधारण ४० मिली. प्रत्यक्षात काय होतं? ५ मिलीच्या सिरिंजने एकदाच टोचलं जातं, त्यातलं ३ मिली बाटलीत जातं आणि उरलेलं सीबीसीला. मग पाच दिवसांनी 'वाढ नाही' असा रिपोर्ट येतो आणि डॉक्टर म्हणतात, कल्चरवर भरवसाच नाही. भरवसा कशाच्या जोरावर ठेवणार? बाटलीवर आधीच पेनाने १० मिलीची खूण करून ठेवणं हा फुकटातला उपाय आहे आणि तो चालतो. लहान मुलांना अर्थातच कमी पुरतं, वजनाप्रमाणे १ ते ३ मिली.

रक्त पहिल्या डोसच्या आधी काढायचं. रुग्ण शॉकमध्ये असेल आणि शीर मिळत नसेल तर कल्चरसाठी डोस अडवायचा नाही, पण बहुतेक वेळा अडचण शिरेची नसतेच. बाटल्या वॉर्डात नसतात, कपाटाला कुलूप असतं, किल्ली दिवसाच्या इन्चार्ज सिस्टरकडे असते. कॅज्युअल्टीत चोवीस तास बाटल्या हाताशी असणं ही स्टुअर्डशिप समितीच्या ठरावातली पहिली ओळ असायला हवी.

त्वचेवर अल्कोहोलमधलं २% क्लोरहेक्सिडीन लावून ३० सेकंद वाळू द्यायचं, आणि मग त्या जागेवर पुन्हा बोट ठेवून शीर चाचपायची नाही. बाटलीचं झाकण काढलं की रबरी बूच निर्जंतुक असतं असा समज आहे. नसतं, तेही अल्कोहोलने पुसायचं. ही काळजी न घेतल्यास त्वचेवरचे स्टॅफिलोकॉकस बाटलीत वाढतात, रिपोर्ट 'पॉझिटिव्ह' येतो आणि रुग्णाला नाहक व्हँकोमायसिन सुरू होतं. दोनपैकी एकाच सेटमध्ये असा जंतू आला तर तो बहुधा त्वचेवरचाच, हे ओळखता येतं, पण त्यासाठी दुसरा सेट मुळात काढलेला असावा लागतो. अशा दूषित बाटल्यांचं प्रमाण ३% च्या आत ठेवणं हे लॅबचं आणि वॉर्डाचं मिळून काम.

आणि रक्ताची बाटली फ्रिजमध्ये ठेवायची नाही. लघवीचा नमुना उशिरा जाणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवतात, म्हणून रात्री दोन्ही एकाच रॅकवर जाऊन बसतात. लघवीत जंतू वाढायला नको असतात, रक्तात ते वाढायलाच हवे असतात.

लघवीवरून आणखी एक. कॅथेटर असलेल्या माणसाच्या लघवीत काही दिवसांनी जंतू सापडतातच. ताप नाही, पोटात दुखत नाही, रुग्ण मजेत आहे, आणि तरी रिपोर्टवर ई. कोलाय आला म्हणून इंजेक्शन सुरू होतं. गरोदर बाई किंवा मूत्रमार्गाचं ऑपरेशन ठरलेला रुग्ण सोडला, तर लक्षणं नसताना लघवीतल्या जंतूंवर उपचार करायचे नसतात. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे ती तपासणी कारणाशिवाय पाठवायचीच नाही, आणि पाठवायची झाल्यास पिशवीतली लघवी तर मुळीच नाही. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाच्या नळीतल्या स्रावाचंही असंच. नळीत ॲसिनेटोबॅक्टर नावाचा जंतू राहायला आला म्हणजे फुप्फुसाला न्यूमोनिया झाला असं नाही. एक्स-रे, ऑक्सिजनची गरज, ताप हे बदललं का, ते बघायचं.

रिपोर्ट वाचताना होणारी ठरलेली चूक

हा भाग नवख्या रेसिडेंटने दोनदा वाचावा. सेन्सिटिव्हिटीच्या रिपोर्टवर औषधापुढे एक आकडा असतो, एमआयसी. जंतूची वाढ थांबवायला किती कमीत कमी औषध पुरलं तो. समजा ई. कोलायच्या रिपोर्टवर सिप्रोफ्लॉक्सासिनपुढे ०.५ आहे आणि पिपरासिलिन-टॅझोबॅक्टमपुढे ४. आकडा लहान तेवढं औषध जोरदार, असं मानून सिप्रोफ्लॉक्सासिन निवडलं जातं. प्रत्येक औषधाची सीमारेषा वेगळी असते. सिप्रोफ्लॉक्सासिनला या जंतूसाठी ०.२५ किंवा त्याखाली आकडा लागतो, म्हणजे ०.५ ला ते काठावर आहे. पिपरासिलिन-टॅझोबॅक्टमची रेषा ८ ला आहे, म्हणजे ४ ला ते आरामात चालतं. दोन औषधांचे एमआयसी एकमेकांशी ताडून बघणं म्हणजे मिरचीचे ग्रॅम आणि तांदळाचे ग्रॅम एका मापात धरणं. आकड्याच्या शेजारचं एस (दबतो), आय (काठावर) किंवा आर (दबत नाही) हे अक्षर वाचायचं, आणि मग तो अवयव कोणता, किडनी कशी आहे, तोंडाने देता येईल का, ते.

शहाण्या लॅब आणखी एक गोष्ट करतात. जंतू सेफ्ट्रियाक्झोनला दबत असेल तर मेरोपेनेम आणि कोलिस्टिनचे निकाल रिपोर्टवर छापतच नाहीत. तपासलेले असतात, फोन केला तर सांगतात. डोळ्यांसमोर नाव नसलं की हात तिकडे जात नाही. काही वरिष्ठांना हा अपमान वाटतो. वाटू द्यावा.

कोलिस्टिनची तपासणी साध्या डिस्कने (औषध लावलेल्या कागदी चकतीने) करायची नसते. ते औषध आगरमध्ये (जंतू वाढवायच्या जेलीत) नीट पसरतच नाही, त्यामुळे डिस्कभोवतीचं वर्तुळ खोटं बोलतं. तरीही डिस्क लावून 'सेन्सिटिव्ह' लिहिलेले रिपोर्ट लहान लॅबांतून येतात. लॅबच्या तपासण्यांचे निकष ठरवणाऱ्या अमेरिकी सीएलएसआय या संस्थेच्या निकषांत तर २०२० पासून कोलिस्टिनला 'सेन्सिटिव्ह' हा शेराच उरलेला नाही.

वर्षभराच्या रिपोर्टांवरून रुग्णालयाचा स्वतःचा अँटिबायोग्राम बनतो, म्हणजे आपल्याकडे कोणता जंतू कोणत्या औषधाला किती टक्के दबतो याचा तक्ता. त्याचे नियम साधे आहेत आणि सर्रास मोडले जातात. एका रुग्णाचा एक जंतू वर्षात एकदाच मोजायचा. नाहीतर महिनाभर आयसीयूत असलेल्या एकाच माणसाचे आठ नमुने सगळा तक्ता काळा करतात. ३० पेक्षा कमी नमुने असतील त्या जंतूची टक्केवारी काढायची नाही. आयसीयू, वॉर्ड आणि ओपीडी वेगळे ठेवायचे. ओपीडीत लघवीच्या संसर्गासाठी येणाऱ्या तरुण मुलीचं औषध आयसीयूच्या टक्केवारीवरून ठरवलं तर तिलाही मेरोपेनेमच लिहावं लागेल.

तिसरा दिवस

आता त्या बाईंकडे परत येऊ. ४८ ते ७२ तासांनी थांबून बघणं याला 'टाइम-आउट' म्हणतात. तोपर्यंत बहुतेक खऱ्या कल्चरमध्ये जंतू उगवलेला असतो, एक्स-रे-सोनोग्राफी झालेली असते, रुग्ण कोणत्या दिशेने चाललाय ते कळतं. केसपेपरवर एक शिक्का किंवा कॉम्प्युटरवर एक चौकट, आणि त्यात चारच गोष्टी : संसर्ग आहे का, असल्यास कुठे, कल्चर काय म्हणतं, औषध बदलायचं, तोंडावाटे द्यायचं की बंद करायचं, आणि शेवटची तारीख कोणती. ही चौकट भरल्याशिवाय फार्मसीतून चौथ्या दिवसाचा डोस निघत नाही, अशी व्यवस्था केली तर ती टिकते. नुसता शिक्का मारला तर महिन्याभरात सगळे शिक्के 'चालू ठेवा' म्हणू लागतात.

पहिल्या दिवशी औषधाशेजारी कारण लिहिलेलं नसेल तर तिसऱ्या दिवशी काय तपासणार? जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाने वैद्यकीय महाविद्यालयांतल्या डॉक्टरांना पत्र पाठवून अँटिबायोटिक लिहिताना त्याचं कारण लिहायला सांगितलं, ते याचसाठी. 'फिव्हर' हे कारण नव्हे. 'मूत्रपिंडाचा संसर्ग, शॉकसह' हे कारण.

बंद करायची भीती जुन्या सवयीतून येते. 'कोर्स पूर्ण करा' हे वाक्य इतकं घोटून घेतलंय की लांब कोर्स म्हणजे सुरक्षित कोर्स असं वाटू लागलं. बाहेरून आलेला साधा न्यूमोनिया रुग्ण सुधारत असेल तर ५ दिवस पुरतात. रुग्णालयात झालेल्या न्यूमोनियाला ७. पोटातला पू नीट काढला असेल तर त्यानंतर ४ दिवस. रक्तात जंतू सापडलेल्या रुग्णांवर बॅलन्स नावाची मोठी चाचणी झाली, ३,६०८ रुग्ण, ७ देश, निकाल २०२४ मध्ये. ७ दिवस घेणारे १४ दिवस घेणाऱ्यांपेक्षा वाईट निघाले नाहीत. त्यात स्टॅफिलोकॉकस ऑरियस मुद्दाम वगळला होता, आणि ते वगळणं लक्षात ठेवायला हवं. रक्तात हा जंतू आला तर किमान १४ दिवस, हृदयाच्या झडपेवर बसला असेल तर ४ ते ६ आठवडे. क्षयरोगाला यातलं काहीच लागू नाही. तिथे महिने मोजायचे.

शिरेतून तोंडाकडे जाणं हा सर्वांत सोपा विजय आहे, तरी सर्वांत जास्त रखडतो. लिनेझोलिड, लिव्होफ्लॉक्सासिन, मेट्रोनिडॅझोल, डॉक्सिसायक्लिन ही औषधं गोळीतूनही जवळपास पूर्ण रक्तात उतरतात. ताप २४ तास नाही, बीपी ठीक, रुग्ण जेवतोय, उलटी-जुलाब नाहीत, तर इंजेक्शनचं प्रयोजन काय? शिरेतली सुई स्वतःच संसर्गाचं दार असते. अपवाद आहेत, मेंदूज्वर आणि झडपेचा संसर्ग हे मोठे. आणि लिव्होफ्लॉक्सासिनची गोळी लोहाच्या, कॅल्शियमच्या किंवा अँटासिडच्या जोडीने दिली तर पोटातच बांधली जाते. वॉर्डात सकाळच्या औषधांच्या वाटीत या तिन्ही एकत्र पडलेल्या असतात. किमान दोन तास आधी द्यावी.

लिव्होफ्लॉक्सासिनचाच दुसरा धोका मुंबईसारख्या शहरात जास्त. महिनाभर खोकला असलेल्याला 'छातीचं इन्फेक्शन' म्हणून ते दिलं तर क्षयाचे जंतूही थोडे दबतात. माणसाला आठवडाभर बरं वाटतं, थुंकी निगेटिव्ह येते, निदान लांबतं. थुंकीची तपासणी आधी, गोळी नंतर.

डोळ्यांवर येणारा आणखी एक नेहमीचा प्रकार म्हणजे मेरोपेनेम किंवा पिपरासिलिन-टॅझोबॅक्टमच्या जोडीला मेट्रोनिडॅझोल. पहिली दोन्ही औषधं ऑक्सिजनविना वाढणाऱ्या जंतूंना मारतातच. मेट्रोनिडॅझोल तिथे फक्त मळमळ वाढवतं. फार्मासिस्टने एवढी एक जोडी रोज शोधून काढली तरी महिन्याला शेकडो बाटल्या वाचतात.

थिएटरच्या दारातलं इंजेक्शन

आता ते ५५%. ऑपरेशनच्या आधी अँटिबायोटिक देण्यामागचं गणित वेळेचं आहे. चीर पडते त्या क्षणी ते औषध त्या जागच्या रक्तात आणि पेशींत पुरेसं असलं पाहिजे. सेफॅझोलिन २ ग्रॅम (वजन १२० किलोच्या वर असेल तर ३), चीर देण्याआधीच्या ६० मिनिटांत. व्हँकोमायसिन हळू सोडावं लागतं, ग्रॅमला तास, म्हणून ते १२० मिनिटं आधी सुरू करतात. घाईने सोडलं तर अंग लाल होतं, बीपी पडतं.

घोटाळा कुठे होतो? सिस्टर सकाळी आठला वॉर्डातच 'प्री-ऑप' इंजेक्शन देऊन टाकतात. यादीत रुग्ण तिसरा. पहिलं ऑपरेशन लांबतं, चीर पडते साडेबाराला. सेफॅझोलिन दर दोनेक तासांनी निम्मं होतं, म्हणजे तोवर औषध पाव हिश्श्याच्या आसपास उरलेलं असतं. कागदावर 'दिलं' अशी टिक असते. उपाय हा की वॉर्डातून द्यायचंच नाही. व्हायल रुग्णाबरोबर थिएटरमध्ये जाते, भूलतज्ज्ञ टेबलावर घेतल्यावर देतात आणि चीर देण्याआधी सगळे थांबून मोठ्याने विचारतात, अँटिबायोटिक गेलं का, किती वाजता. सिझेरियनमध्येही चीर देण्याआधीच द्यायचं, बाळाची नाळ बांधेपर्यंत थांबायचं नाही. ऑपरेशन ४ तासांच्या पुढे गेलं किंवा दीड लिटरहून जास्त रक्त गेलं तर दुसरा डोस. हा दुसरा डोस फार कमी ठिकाणी आठवणीने जातो.

आणि मग बंद. टाके घातले की बहुतेक स्वच्छ ऑपरेशनांत काम संपलं. फार तर २४ तास. 'ड्रेन आहे म्हणून', 'टाके निघेपर्यंत', 'आपल्याकडची हवा तशी आहे म्हणून' ही तिन्ही कारणं नेहमी ऐकू येतात. पाच दिवस इंजेक्शन दिल्याने जखम कमी पिकते असं दिसलेलं नाही. थिएटरची हवा खराब असेल तर ती दुरुस्त करायची असते. सर्जनशी वाद घालण्यापेक्षा त्याच्याच शेवटच्या ५० हर्नियांच्या जखमांचा हिशेब त्याच्यासमोर ठेवणं जास्त उपयोगी पडतं.

एक अडचण खरी आहे : सेफॅझोलिन कधीकधी मिळतच नाही. स्वस्त जुनी औषधं बनवण्यात कंपन्यांना फारसा रस नसतो, दरकरारात ती सुटतात, आणि सेफ्ट्रियाक्झोन मात्र गोदामभर असतं. पॉलिसीच्या पुस्तकात जे औषध पहिलं लिहिलंय ते सेंट्रल स्टोअरच्या इंडेंटमध्ये नसेल तर ते पुस्तक कपाटातच राहणार. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये १९५५ मध्ये पेनिसिलिन बनू लागलं तेव्हा ती नवलाई होती. आज साधं बेंझाथिन पेनिसिलिन शोधायला नातेवाइकांना चार दुकानं फिरावं लागतं.

कुलूप कोणत्या औषधाला लावायचं

हजार-दीड हजार खाटांच्या रुग्णालयात प्रत्येक अँटिबायोटिक तपासणं शक्य नाही. टीममध्ये बहुधा एक संसर्गरोगतज्ज्ञ (असल्यास), एक मायक्रोबायोलॉजिस्ट, एक-दोन क्लिनिकल फार्मासिस्ट आणि इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टर एवढीच माणसं असतात. म्हणून पाच-सहा औषधं निवडतात : मेरोपेनेम-इमिपेनेम, कोलिस्टिन, व्हँकोमायसिन-टायकोप्लॅनिन, लिनेझोलिड, टिगेसायक्लिन, सेफ्टाझिडीम-ॲव्हिबॅक्टम. यांवर नजर ठेवायच्या दोन पद्धती. एकीत आधी परवानगी, मग औषध. दुसरीत औषध लगेच मिळतं, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टीम खाटेपाशी येऊन डॉक्टरशी बोलते. पहिलीने खप झपाट्याने उतरतो, पण रात्री फोन कोण उचलणार हा प्रश्न राहतो आणि फॉर्मवर खोटी कारणं येऊ लागतात. दुसरी हळू चालते पण शिकवते. चांगला मेळ असा : पहिले २४ ते ४८ तास कुणालाही अडवायचं नाही, त्यापुढे मात्र टीमच्या सहीशिवाय नाही.

कुलूप लावताना शेजारच्या दारावर लक्ष हवं. न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात नव्वदच्या दशकात सेफॅलोस्पोरिनवर कडक बंदी आणली. सेफ्टाझिडीमला दाद न देणारा क्लेब्सिएला ४४% कमी झाला. पण डॉक्टर इमिपेनेमकडे वळले, त्याचा वापर १४१% वाढला आणि इमिपेनेमला न दबणारा स्यूडोमोनास ६९% वाढला. त्यामुळे एका औषधाचा खप उतरल्याचा आलेख दाखवणाऱ्याला बाकीच्या औषधांचे आलेखही मागावेत.

रिझर्व्हमधलं औषध देतानाही ते कशाला लागू पडतं ते बघावं लागतं. भारतात मेरोपेनेमला न दबणाऱ्या जंतूंत एनडीएम हे एन्झाइम खूप सापडतं. त्याच्यापुढे महागडं सेफ्टाझिडीम-ॲव्हिबॅक्टम एकटं चालत नाही, जोडीला ॲझट्रिओनाम द्यावं लागतं. आणि कोलिस्टिन द्यायचंच ठरलं तर भित्रेपणाने अर्धा डोस देण्यात अर्थ नाही. मोठ्या माणसाला पहिला डोस ९० लाख युनिट, पुढे किडनी बघून, क्रिएटिनिन रोज.

मोजमापाचं थोडक्यात. वॉर्डात महिन्याला रुग्णांचे ९०० दिवस भरले आणि मेरोपेनेमच्या १ ग्रॅमच्या ४५० व्हायल गेल्या. मेरोपेनेमचा ठरलेला दैनिक डोस ३ ग्रॅम, म्हणजे १५० डोस-दिवस; दर १,००० रुग्ण-दिवसांमागे सुमारे १६७. फार्मसीच्या खपावरून हे लगेच निघतं. पण किडनीच्या रुग्णांना डोस कमी असतो आणि मुलांना वजनावर, तिथे हा आकडा फसवतो. तिथे प्रत्यक्ष किती दिवस औषध गेलं तेच मोजावं. फुटलेल्या, परत आलेल्या आणि नातेवाइकांनी बाहेरून आणलेल्या व्हायली वेगळ्या धराव्यात. बाहेरून आणलेलं औषध हिशेबात येतच नाही, आणि मोठ्या सरकारी रुग्णालयांत ते थोडंथोडकं नसतं.

पावसाळ्यात हे सगळं एकदम ताणलं जातं. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईच्या वॉर्डात तापाच्या रुग्णांची रीघ लागते आणि दारातच सेफ्ट्रियाक्झोन सुरू होतं. त्यातल्या डेंग्यू, मलेरिया यांना त्याचा काडीचा उपयोग नाही. लेप्टोला होतो, पण डोळे लाल, पोटऱ्या दुखतायत, तुंबलेल्या पाण्यातून चालत आलाय असा सौम्य रुग्ण असेल तर डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा हे स्वस्त औषध पुरतं, आणि ते स्क्रब टायफसलाही चालतं. सेफ्ट्रियाक्झोन त्या आजाराला चालत नाही. पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ (डेंग्यूची तपासणी), मलेरियाची स्लाइड आणि सीबीसी हाताशी असतील तर संध्याकाळच्या राऊंडला अर्ध्या खाटांवरचं इंजेक्शन बंद करता येतं. डेंग्यू पॉझिटिव्ह आल्यावरही 'कव्हर म्हणून' ते चालू राहतं, ती वेगळी गोष्ट.

नातेवाइकांना या सगळ्यात काही करता येतं का? डॉक्टरला औषध शिकवायला जाऊ नये, पण तिसऱ्या दिवशी राऊंडला शांतपणे विचारता येतं : 'सर, कल्चरचा रिपोर्ट आला का? इंजेक्शन किती दिवस आहे? गोळीवर कधी घ्यायचं?' पेनिसिलिनची ॲलर्जी असल्याचं सांगताना नेमकं काय झालं होतं तेही सांगावं. लहानपणी गोळीने पोट बिघडलं होतं ही ॲलर्जी नव्हे, आणि तेवढ्यावरून केसपेपरवर लाल शाईने 'ॲलर्जी' लिहिलं गेलं की पुढे आयुष्यभर वरचं औषध वाट्याला येतं. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास कोंडला असेल तर ते मात्र आवर्जून सांगायचं.

घरी जाताना डिस्चार्ज कार्ड नीट वाचावं. ठरलेले दिवस एकूण धरायचे असतात, वॉर्डातले आणि घरचे मिळून. सात दिवसांच्या कोर्सपैकी पाच वॉर्डात झाले असतील तर घरी दोन दिवसांच्याच गोळ्या हव्यात. कार्डावर बऱ्याचदा सवयीने 'पाच दिवस' लिहिलेलं असतं आणि केमिस्ट दहाचं पूर्ण पाकीट देतो. खिडकीवरून निघण्याआधी सिस्टरना एकदा विचारून शेवटची तारीख कार्डावर पेनाने लिहून घ्यावी. गोळ्या उरल्या तर त्या पुढच्या तापासाठी डब्यात ठेवायच्या नाहीत.